मल्लखांबाची पहिली अढी

चिचगडासारख्या अरण्यालगतच्या गांवीं चढावयास झाडें पुष्कळ असतां खांब मुद्दाम कशास पुरावा, असें मला माझ्या शिक्षकीच्या काळांत अनेक पालकांनीं विचारलें. झाडावरचा मुलगा चिंचेपर्यंत पोंचण्यासाठीं चढतो. मल्लखांबावर चढणारास मात्र कोठेंच पोंचावयाचें नसतें. तो खांब म्हणजे त्याचा प्रतिमल्ल होय.

चीनमधील कुंग-फूच्या विंग चुन नांवाच्या परंपरेंत लांकडी बाहुल्यापुढें उभें राहून हात घोटवितात, हें चित्रपटांमुळें आतां घरोघरीं ठाऊक झालें आहे. तेथें शिष्य लांकडावर प्रहार करतो, आपल्याकडे तो त्यास मिठी मारतो. कारण उघड आहे. आपली ही विद्या कुस्तीच्या आखाड्यांतली. बाराव्या शतकांतील ‘मानसोल्लास’ या ग्रंथांत मल्लांच्या खांबावरील मेहनतीचा उल्लेख सांपडतो, आणि दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं बाळंभटदादा देवधर यांनीं तिला पुन्हां ऊर्जितावस्था आणिली. वानरांच्या क्रीडेवरून त्यांस ती सुचली अशीही कथा सांगतात. ती गोड आहे, इतकेंच.

खांब शिसवी किंवा सागवानी, खालीं जाड व वर निमुळता. शेंड्याशीं मान आणि बोंड. अंग घांसून कातडी सोलूं नये म्हणून त्यास एरंडेल चोळतात. आतां खरा मुद्दा अढीचा. हातांनीं खांब धरून, अंग उलटें करून, दोन्ही मांड्यांनीं त्यास आवळणें म्हणजे अढी. पाहणारास ती क्षुल्लक वाटते. परंतु तेल लावलेल्या लांकडावर डोकें खालीं असतां मांडीची पकड सुटूं न देणें, श्वास न कोंडणें आणि डोळे न मिटणें, या तीन गोष्टी एका वेळीं साधावयास मुलास महिने लागतात. शिवाय ती डावीकडून व उजवीकडून सारखीच यावी लागते. तेढी, बगली, दसरंग, फिरकी, वेल हे पुढचे प्रकार या एका पकडीवर उभे आहेत, आणि बोंडावर तोल सांभाळण्याचे ताजवे तर फारच पुढें. मुलांना मात्र पहिल्या आठवड्यांतच ताजवे हवे असतात!

मुलांचें मी समजूं शकतों, मोठ्यांचें नाहीं. एका शाळेच्या संमेलनासाठीं पंधरा दिवसांत मुलांचे मनोरे खांबावर बसवून द्या, अशी मागणी माझ्याकडे आली होती. मीं नकार दिला, आणि त्याबद्दल कांहीं काळ अप्रियही झालों. उंचीवरून मानेवर पडलेल्या मुलास टाळ्यांचा उपयोग नाहीं. चढण्यापूर्वीं उतरणें शिकवावें, खालीं जाड गादी असावी, आणि शिक्षकानें हाताच्या अंतरावर उभें राहून एक हात मुलाच्या खांद्यामागें व दुसरा कमरेशीं तयार ठेवावा. शहरांतील श्रोत्यांनीं आखाडा निवडतांना गुरुजींचीं पदकें पाहूं नयेत. मुलगा उलटा असतां त्यांचे डोळे कोठें असतात तें पाहावें.

आपल्या विदर्भास या कामीं अभिमान वाटावा असें पुष्कळ आहे. १९१४ सालीं स्थापन झालेल्या अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचें पथक १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळीं देशी खेळ दाखवून आलें. २०१९ सालीं मुंबईस मल्लखांबाची जागतिक स्पर्धा भरली, आणि दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे यांस २०२४ सालीं पद्मश्री मिळाली.

मुलींविषयीं विचारणा नेहमीं होते. त्यांच्यासाठीं दोरीचा मल्लखांब विशेष रूढ आहे, आणि तो खांबाहून सोपा आहे असें समजूं नये. दोरी पायाचा अंगठा व शेजारचें बोट यांत धरावी लागते. आरंभीं ती जागा सोलवटते. मुलगी कुरकुरली तर रागावूं नये, दोन दिवस विश्रांति द्यावी आणि तिसऱ्या दिवशीं तिला स्वतःच दोरीकडे जाऊं द्यावें.