जिप्सीचं इंजिन बदलायचंय? आधी आरसी काढा

मी रिसोडचा. शिक्षण बीटेक, पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर. आजचा भाग मात्र ऑइल-ग्रीसचा आहे.

काकांकडे 1993 ची मारुती जिप्सी आहे. पावसाळ्यात पांदण रस्त्यावरच्या काळ्या मातीतून शेतापर्यंत जाणारी आमच्या घरातली ही एकच चारचाकी. आता ती निळा धूर सोडते, ऑइल पिते. काका भंगारात द्यायला तयार नाहीत. चुलत भाऊ म्हणतो, "दादा, एस्टीमचं 1.3 टाकू, गाडी उडेल!" प्लॅन करायचं काम माझ्यावर आलं.

आधी गाडीची कुंडली. जिप्सी म्हणजे जपानच्या सुझुकी जिमनीचंच लांब रूप. भारतात ती डिसेंबर 1985 मध्ये आली, 970 सीसीचं इंजिन आणि चार गिअर घेऊन. ताकद सुमारे 45 बीएचपी. 1996 मध्ये जिप्सी किंग आली, 1.3 लिटरची. तिचं इंजिन एस्टीमच्याच घराण्यातलं. म्हणून भावाची आयडिया हवेतली नाही, असे स्वॅप लोकांनी केलेत.

पण नुसतं इंजिन बसवून भागत नाही. एस्टीममध्ये इंजिन आडवं बसतं आणि पुढची चाकं ओढतात. जिप्सीत ते उभं बसतं. म्हणजे माउंटिंग वेगळं, आणि गिअरबॉक्स किंगचा शोधावा लागतो. जिप्सीचा ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेला नसतो, तो मागे वेगळा असतो आणि मध्ये एक छोटा शाफ्ट असतो. गिअरबॉक्सची लांबी बदलली की त्या शाफ्टचं मापही बदललं, की चाललो लेथवाल्याकडे!

आणखी एक गोष्ट. 80 च्या वेगाला इंजिन किती फेरे घेणार, हे इंजिन ठरवत नाही. ते गिअर, ट्रान्सफर केस, डिफरन्शियल आणि टायर ठरवतात. जुने रेशो तसेच ठेवून मोठं इंजिन टाकलं, तरी 80 ला फेरे तेवढेच राहणार. चढाला जोर मिळेल, पण हायवेवरचा आरडाओरडा तसाच. वर जास्तीचा जोर जुन्या क्लचवर आणि शाफ्टच्या क्रॉसवर येणार. आणि गाडी जास्त पळणार असेल तर ब्रेकही तेवढेच भक्कम लागतात.

आमच्या भाषेत सांगायचं तर हा डिपेंडन्सीचा खेळ आहे. एक पॅकेज बदललं की दहा तुटतात.

आता खरा मुद्दा, कागद. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ माहितीशी जुळणार नाही, असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच स्पष्ट केलं. आरसीवर 970 सीसी आणि बॉनेटखाली 1.3, हे जुळत नाही. कलम 182अ नुसार अशा प्रत्येक बदलाला पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि अपघात झालाच, तर विमा कंपनी क्लेम अडवू शकते. गाडीत आपलीच माणसं बसतात ना!

आमची गाडी अकोल्याच्या एमएच-30 नंबरची. तेव्हा वाशिम जिल्हाच नव्हता, तो झाला 1998 मध्ये. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवावी लागते. आमची पुढची पाळी 2028 ला, आणि तेव्हा गाडी तपासणीला उभी करावी लागणार. तिथे इंजिन नंबर जुळला नाही, तर जिवंत गाडी कागदावर मेली समजा.

म्हणून आधी निदान केलं. मिस्त्रींनी कॉम्प्रेशन गेज लावला. दोन सिलिंडर कमी निघाले. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून परत मोजलं, तर आकडा चढला. म्हणजे दोष रिंग आणि बोअरमध्ये. आकडा चढला नसता, तर संशय व्हॉल्व्हवर गेला असता.

आता प्लॅन असा: तोच ब्लॉक, तोच नंबर, फुल इंजिन काम. बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन, नव्या रिंग, सोबत क्लच प्लेट आणि शाफ्टचे क्रॉस. ब्लॉक वाचलाच नाही, तर त्याच मेकचं, त्याच प्रकारचं 970 इंजिन, बिलासकट, आणि आरटीओची मंजुरी आधी घेऊन. भावाला 1.3 च पाहिजे असेल, तर कागद चोख असलेली किंग घ्यावी. शेताच्या वाटेला उडणारी गाडी लागत नाही, परत आणणारी लागते. काकांना हे एका वाक्यात पटलं. भाऊ अजून रुसलेला आहे.

तुमच्या घरी अशी एखादी जुनी गाडी उभी असेल, तर इंजिन शोधायच्या आधी आरसी काढून वाचा. भेटू पुढच्या भागात!