मुलांना द्यावे तरी काय?

(हीरक महोत्सवी पालकमेळाव्यातील व्याख्यान)



वाढदिवस चार दिवसांवर आला की घरोघरी एकच प्रश्न उभा राहतो : मुलाला द्यायचे काय? हैदराबादेत दुकानांना तोटा नाही. तरीही बहुतेक भेटवस्तूंचे आयुष्य आठवडाभराचेच ठरते. दिव्यांची मोटार सेल संपेपर्यंत धावते आणि मग पलंगाखाली जाते. याचा दोष मुलाला देणे अन्यायाचे होईल. जेथे सारे काही खेळणेच करते, तेथे मुलाने करावे असे काही उरतच नाही.

म्हणून भेट निवडताना पहिला विचार हा, की ती हाती आल्यावर मूल काय करील? दुसरा विचार मराठी मुलुखाबाहेरील घरांनी अधिक करावा : ती भेट घेऊन मूल कोणाजवळ जाऊन बसेल? येथील मुलाच्या कानी शेजारची तेलुगू, बाजारातील दखनी आणि पडद्यावरील हिंदी-इंग्रजी सतत पडत असते. मराठी उरते ती शाळेत आणि आजीजवळ. घरातील संभाषण ‘जेवलास का’, ‘अभ्यास झाला का’ एवढ्यावर येऊन ठेपले, की शब्द एकेक करून गळू लागतात. नातवाला आजीचे सारे समजते, पण तो उत्तर देतो हिंदीत. आजी हसते, तिला ते लागत नाही असे मात्र नाही.

अशा घरात पाच सागरगोटे ही मोठी भेट ठरू शकते. ते एकट्याने शिकता येत नाहीत. कोणीतरी फरशीवर मांडी घालून बसावे लागते. सोंगट्यांचा पट असो वा पत्त्यांचा जोड, खेळाबरोबर डाव, भिडू, राज्य, रडी असे शब्द येतात. ते पाठ करून येत नाहीत, हरल्यावर आणि भांडताना येतात.

विटी-दांडूची तर गंमतच आहे. त्यात वकट, लेंड, मुंड, नाल अशी मोजणी चालते. गावोगावी उच्चार थोडे बदलतात. तेलुगूत एक ते चार हे आकडे ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु असे आहेत. मराठी अंगणात पिढ्यान्‌पिढ्या घुमलेले हे आकडे तेलुगूचे सख्खे सोबती आहेत, हे ध्यानी आणून द्यायला हैदराबादच्या मुलाइतका योग्य श्रोता कोठे मिळणार? शेजारच्या तेलुगू मित्राला तो खेळायला बोलावील, तेव्हा मोजणी दोघांनाही ओळखीची वाटेल. सुतार उरलेल्या लाकडातून विटी-दांडू करून देतो. मात्र खेळ मोकळ्या मैदानावरच व्हावा आणि जाणत्या मुलांनीच खेळावा. विटी डोळ्याला लागल्याची उदाहरणे थोडीथोडकी नाहीत.

आंध्रातील एटिकोप्पाका येथे लाखेच्या रंगांत कातलेले भोवरे होतात आणि कोंडापल्लीला हलक्या लाकडाची चित्रे. संक्रांतीच्या सुमारास तेलुगू घरांत बाहुल्यांची मांडणी होते, मराठी घरांत बोरन्हाण. त्या वेळी कोंडापल्लीची बैलगाडी द्यायला हरकत नाही; पण ती रांगत्या बाळासाठी नव्हे. ती फळीवर ठेवून तिच्यावर गोष्ट रचणाऱ्या मुलासाठी आहे.

बाळांच्या बाबतीत कलाकुसरीपेक्षा काळजी मोठी. सुटणारे भाग, बटणासारखे सेल व लोहचुंबक असलेली खेळणी त्यांच्यापासून दूरच बरी. 1 जानेवारी 2021 पासून देशात खेळण्यांवर आयएसआय चिन्ह आवश्यक झाले आहे. रस्त्यावरचे स्वस्त खेळणे उचलण्यापूर्वी ते पाहण्याचे कष्ट घ्यावेत.

महाग म्हणजे चांगले, हा समज तर ताराबाई मोडकांनी कधीच खोटा पाडला. 1945 साली बोर्डीस बालशिक्षणाचे काम उभारताना त्यांनी परदेशी साधनांचा हव्यास धरला नाही. परिसरातील साध्या वस्तूंतून मुले शिकती केली. खडे, शिंपले, बिया यांचा एक डबा आजही कोणी भेट म्हणून देत नाही. द्यायला काय हरकत आहे? पाहुण्यांसमोर थोडे ओशाळवाणे वाटेल एवढेच.

पुस्तकाविषयी वेगळे सांगायला नको, तरी एक गोष्ट राहते. पुस्तक देऊन काम संपत नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे कपाटात गेला की तेथेच राहतो. पहिली दोन प्रकरणे कोणी मोठ्याने वाचून दाखवली आणि ऐन रंगात थांबले, तर तिसरे मूल स्वतः वाचते. बालभारतीचे ‘किशोर’ 1971 पासून निघते आहे. अशा मासिकाची वर्गणी भरली, की भेट वर्षभर येत राहते आणि वेष्टनावर मुलाचे नाव असते. स्वतःच्या नावाचे टपाल आले, याचे अप्रूप मोठ्यांनी विसरू नये.

पुस्तक देताना पहिल्या पानावर मुलाचे नाव देवनागरीत, स्वतःच्या हाताने लिहावे. खाली देणाऱ्याचे नावही केवळ सहीपुरते नसावे, नात्यासह असावे : आत्याकडून, मावशीकडून, काकूकडून, मामीकडून. ज्या घरी या चौघींसाठी ‘आंटी’ हा एकच शब्द शिल्लक आहे, तेथे तर अवश्य.