लाइट आहे काय तुमच्याकडं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



परदेशप्रवासावर बोला, असं मला सांगण्यात आलं. कवी माणूस केपटाउनला जाऊन आला म्हणजे तो समुद्रावर आणि टेबल माउंटनवर बोलेल, अशी तुमची अपेक्षा असणार. ती चुकीची नाही. पण मी आज बोलणार आहे ते प्लगच्या पिनांवर, मोबाइलच्या चार्जिंगवर आणि लागता लागत नसलेल्या फोनवर. कारण 2023 सालच्या मे महिन्यात मी तिकडे पंधरा दिवस होतो आणि त्यातले निम्मे दिवस माझं लक्ष डोंगराकडे नव्हतं, बॅटरीच्या आकड्याकडे होतं.

दापोली तालुक्यातला एक माणूस दक्षिण आफ्रिकेच्या पार टोकाला कशाला गेला, हे आधी सांगितलं पाहिजे. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातले कोकणी मुसलमान एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून केपटाउनला जात आले आहेत. माझ्या आईची थोरली बहीण, म्हणजे माझी खाला, 1952 साली लग्न होऊन तिकडे गेली. तेव्हा ती सतरा वर्षांची होती आणि आई दहा. मुंबईहून दरबानला ‘करंजा’ नावाची आगबोट जात असे. त्या बोटीवर आपाला चढवलं, एवढंच आईला आठवतं. आपल्या ओळखीच्या करंज्याच्या झाडाचं नाव बोटीला कसं, याचं तिला त्या वेळी फार नवल वाटलं होतं.

पुढच्याच वर्षी, 1953 मध्ये, तिकडच्या वर्णद्वेषी सरकारनं कायदा करून भारतातून बायका-मुलांना आणण्याची वाट बंद केली. खाला थोडक्यात आत गेली म्हणायची. पण आत गेली ती गेलीच. आपल्या सरकारनं 1946 सालीच त्या देशाशी व्यापार तोडला होता. आपल्या पासपोर्टावर ‘दक्षिण आफ्रिकेसाठी वैध नाही’ असं लिहिलेलं असे. दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध पुन्हा जुळले ते 1993 मध्ये. त्यानंतर खाला एकदाच येऊन गेली, महिनाभर राहिली. मग तिचे गुडघे गेले, आईचे डोळे अधू झाले. मधल्या काळात आधी पत्रं, मग ट्रंक कॉल, मग एसटीडी बूथवरून धावत्या मीटरकडे बघत केलेली दोन-दोन मिनिटांची बोलणी.

अलीकडे खालाला विसर पडू लागला होता. तिच्या मुलानं कळवलं, सकाळी तासभर ती चांगली असते, दुपारनंतर माणसं ओळखत नाही. ईद झाल्यावर मी जायचं ठरवलं, तेव्हा आईनं मला ना साडी मागितली, ना चॉकलेटं. ती म्हणाली, ‘‘मला आपा दिसायला हवी. बोलता नाय आलं तरी चालेल.’’

तयारीला लागलो. आमच्या आळीतल्या वायरमनला विचारलं, तिकडची पिन कशी असते रे? त्यानं मोबाइलवर चित्र बघितलं आणि हसला. ‘‘चाचा, ही तर आपल्या गीझरची पिन!’’ खरंच तसं आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या जुन्या घरांमधून तीन जाड गोल पिनांचा जो सॉकेट असतो, तो आपल्या 16 अँपिअरच्या, फ्रीज-गीझरला लावतात त्या सॉकेटचा सख्खा भाऊ. दोघांचाही बाप एकच, जुनं इंग्रजी मानक. इंग्रजांनी घरी ते सोडून चौकोनी पिना घेतल्या, आपण आणि आफ्रिकावाल्यांनी ते जपून ठेवलं. वायरमननं मला चार सॉकेटचा एक बोर्ड केला आणि त्याच्या वायरीला तो मोठा थ्री पिन टॉप बसवून दिला. पैसे घेतले नाहीत, ‘‘आफ्रिकेत माझं नाव सांगा’’ म्हणाला.

अडॅप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो, विजेचा दाब बदलत नाही, हे इथं सांगून ठेवतो, कारण पुष्कळांचा त्यात गोंधळ होतो. आपल्या चार्जरवर बारीक अक्षरात ‘100-240 व्होल्ट, 50/60 हर्ट्झ’ असं छापलेलं असेल तर तो जगात कुठंही चालतो. दक्षिण आफ्रिकेत आपल्यासारखाच 230 व्होल्टचा पुरवठा आहे. अमेरिकेत 120 आहे. तिकडे मोबाइल बिनघोर चार्ज होईल, पण इथला मिक्सर नेलात तर तो नुसता कुरकुरेल.

पॉवर बँकही घेतली. ती सामानाच्या बॅगेत टाकायची नसते, जवळच्या पिशवीत ठेवायची असते. लिथियमची बॅटरी पेटली तर ती माणसांच्या डोळ्यांसमोर पेटावी, विमानाच्या पोटात नको, असा त्यामागचा विचार आहे. साधारण 100 वॉट-अवरपर्यंतची चालते. 20,000 एमएएचची पॉवर बँक 74 वॉट-अवर भरते, म्हणजे बसते. आता काही विमान कंपन्यांनी ती विमानात वापरायलाही बंदी केली आहे, तेव्हा निघण्याआधी विचारून घ्यावं.

एवढं सगळं केलं आणि मुख्य गोष्ट विसरलो. माझ्या इथल्या सिमवर परदेशातलं रोमिंग सुरू करून घ्यायला हवं होतं. मी म्हटलं, तिकडे गेल्यावर तिकडचं सिम घेऊ, याचं काय काम? काम असं की बँकेचा ओटीपी इथल्याच नंबरावर येतो. तिकडे पहिल्यांदा कार्ड वापरायला गेलो आणि ओटीपी आलाच नाही. रोमिंग सुरू करायला गेलो, तर त्यासाठीही ओटीपी! पंधरा दिवस मी मावसभावाच्या पैशांवर काढले. आता मी सर्वांना सांगतो, फोनमध्ये दोन सिमांची सोय असेल तर आपलं सिम आतच ठेवा, रोमिंग घरूनच सुरू करून घ्या, फक्त त्याचं डेटा रोमिंग बंद ठेवा, नाहीतर बिल बघून घाम फुटेल.

मुंबईहून केपटाउनला थेट विमान नव्हतं. दुबईला सहा तास थांबायचं होतं. तिथं चौकोनी तीन पिनांचे सॉकेट, म्हणजे गीझरची पिन तिथं निकामी. भिंतीतल्या सॉकेटांभोवती माणसं अशी गोळा होऊन बसली होती, जशी आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये विहिरीवर बसतात. एका केरळी पोरानं आपला अडॅप्टर मला अर्धा तास दिला. मी पोहोचलो हे सांगायला घरी व्हॉट्सअ‍ॅपवर फोन लावला, तर तो लागेना. फोन बिघडला असं वाटलं. तो पोरगा म्हणाला, ‘‘अंकल, यहां कॉल नहीं लगता, मेसेज जाता है.’’ संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपवरून बोलणं बंद ठेवलेलं असतं, हे आखातात माणूस असलेल्या कोकणातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. मलाच ठाऊक नव्हतं. आई तिकडे ताटकळत बसलेली. पुतण्याला मेसेज टाकला, ‘पोचलो, दादीला सांग.’

केपटाउनला उतरलो तर पाऊस. आपल्याकडे वळवाची चाहूल होती, तिकडे हिवाळ्याचा पाऊस सुरू झाला होता. मावसभाऊ न्यायला आला होता. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, आम्ही त्याला भाईच म्हणतो. जन्म तिकडचा, पण बोलतो आपली कोकणी बोली. केपटाउन विद्यापीठातले भाषाशास्त्रज्ञ राजेंद मेस्त्री यांनी तिथल्या या बोलीचा अभ्यास केला आहे. भाई गाडीत बसताच म्हणाला, ‘‘घरी लाइट नाय हां. साडेआठाला येल.’’ मला एकदम दापोलीत असल्यासारखं वाटलं.

श्रोतेहो, 2005 नंतरची काही वर्षं आपण महाराष्ट्रात भारनियमन भोगलं आहे. दक्षिण आफ्रिकेत 2023 हे साल भारनियमनाचं सगळ्यात वाईट साल ठरलं. कोळशावरची जुनी वीजकेंद्रं बंद पडत होती. तिकडे त्याचे टप्पे असतात. एक टप्पा म्हणजे 1000 मेगावॉटची कपात. मी गेलो तेव्हा सहाव्या टप्प्यापर्यंत मजल गेली होती. केपटाउन महापालिकेची अवस्था थोडी बरी. तिथं स्टीनब्रासला आपल्या घाटघरसारखा प्रकल्प आहे. रात्री पाणी वर चढवायचं आणि मागणी वाढली की खाली सोडून वीज काढायची. तरीही एकेका वेळी दोन-अडीच तास अंधार, दिवसातून दोन-तीनदा.

वीज जाण्याचं दुःख नव्हतं, ते आपल्याला नवीन नाही. पण वीज गेली की इंटरनेटचा राउटर बंद. मोबाइलच्या मनोऱ्याला बॅटऱ्या असतात, पण वीज दिवसातून तीनदा गेली की त्यांनाही पुरतं चार्ज व्हायला वेळ मिळत नाही. मग रेंजही जाते. आणि रेंज नसली की मोबाइल ती शोधत राहतो आणि स्वतःची बॅटरी खातो. तेव्हा तो विमानातल्यासारखा ‘फ्लाइट मोड’वर टाकलेला बरा.

खालाची चांगली वेळ सकाळी आठ ते नऊ. आपल्याकडे तेव्हा साडेअकरा ते साडेबारा. आणि नेमका त्या आठवड्यात त्या भागाचा अंधार सकाळी आठला.

पहिल्या दिवशी खालाला ओढणी नीट करून बसवलं. मी तिकडचं सिम घेतलं होतं. ते घेताना पासपोर्ट आणि राहण्याचा पत्ता द्यावा लागतो. आठ वाजून दहा मिनिटांनी फोन लागला, आईचा चेहरा आला आणि थिजला. आवाज नाही, हालचाल नाही. खालानं त्या थिजलेल्या चित्राकडे बघून मला विचारलं, ‘‘ही म्हातारी कोण?’’ मी काय सांगणार? तेवढ्यात रेंज गेली.

दुसऱ्या दिवशी चूक माझी होती. आदल्या दिवशी भाईनं मला केप पॉइंट दाखवला. मी शंभरेक फोटो काढले, पॉवर बँक तिथंच रिकामी केली आणि रात्री दमून झोपलो. बोर्ड भिंतीला लावलेला, पण पॉवर बँक त्याला लावलीच नव्हती. सकाळी फोनमध्ये चार टक्के. खाला त्या दिवशी अगदी शुद्धीत होती. मला नावानं हाक मारली, माझ्या वडिलांची चौकशी केली. वडील जाऊन वीस वर्षं झाली, तरी मी ‘बरे आहेत’ म्हणालो. आणि फोन विझला. नंतर कळलं, आई न जेवता दीड वाजेपर्यंत फोन मांडीवर घेऊन बसली होती. इतकी शरम मला छापलेल्या कवितेतल्या चुकीचीही कधी वाटली नाही.

त्या संध्याकाळी भाई आणि मी लग्नाची याद करतात तशी यादी केली. शेजाऱ्याकडून राउटरला लावायची लहानशी बॅटरी आणली. तिकडे तेव्हा ती घरोघरी असे. तेवढ्या डबीवर राउटर दोन-तीन तास चालतो. फायबरची तार असेल तर वीज गेल्यावरही बहुधा इंटरनेट चालू राहतं, हे मला तेव्हा कळलं. रात्री वीज होती तोवर गीझरच्या पिनेवर सगळं चार्ज केलं, दोन फोन, पॉवर बँक, ती डबी. अंधाराचं वेळापत्रक पाहून ठेवलं.

आता दापोलीची बाजू. तिकडे रात्री वादळी पाऊस होऊन वीज गेलेली. पुतण्यानं आपला फोन रिक्षात चार्ज करून आणला. आमच्या घरात रेंज येत नाही, ओट्यावर येते. त्यानं आईला ओट्यावर बसवलं.

आठ वाजता इकडे दिवे गेले. आठ वाजून सहा मिनिटांनी चित्र आलं, हलणारं. खाला बघत राहिली. ओळख दिसेना. आईही काही बोलेना, तिला एवढंच कळत होतं की समोर कुणीतरी आहे. मी सांगणार होतो, ‘खाला, ही तुझी बहीण.’ भाईनं माझा हात दाबला.

मग आई म्हणाली, ‘‘आपा...’’

खालाचा चेहरा नाही बदलला. पण तिनं लगेच विचारलं, ‘‘काय गो, जेवलीस?’’

एक्क्याऐंशी वर्षांची माझी आई लहान मुलीच्या सुरात म्हणाली, ‘‘नाय अजून.’’

चौदा मिनिटं बोलल्या. काय बोलल्या ते सगळं सांगत नाही. बरंचसं जेवणाचंच होतं. मासळी मिळते काय, आंबे कसे झाले, परसातला फणस आहे की पाडला. फणस 2020 सालच्या निसर्ग वादळात पडला. तेव्हा आमच्याकडे कित्येक दिवस वीज आणि फोन नव्हते, आणि खाला तिकडे आमच्या बातमीसाठी अशीच फोन घेऊन बसून असायची, असं भाईनं मला नंतर सांगितलं. आईनं खालाला सांगितलं, ‘‘आहे फणस.’’ मी वडील बरे आहेत म्हणालो होतो, तसंच.

फोन ठेवला तेव्हा बॅटरी 71 टक्के होती. एवढी लागणार नव्हती. पण आदल्या दिवशी चार टक्के होती, तीही चौदा मिनिटांना पुरली नसती.

येताना बोर्ड तिथंच ठेवून आलो. त्यानंतर दोघींचं आणखी दोनदा बोलणं झालं. 2024 च्या हिवाळ्यात खाला गेली. त्याच वर्षी मार्चअखेरपासून तिकडचं भारनियमन सलग दहा महिने थांबलं होतं. तिच्या शेवटच्या दिवसांत घरात दिवे होते.

भाई अजून दर शुक्रवारी नमाजानंतर फोन करतो. आईला आता दिसत नाही, पण फोन ती हातात घेते आणि सलामानंतर तिचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘‘लाइट आहे काय तुमच्याकडं?’’