पाना हातात घेणाऱ्यांचं स्वागत

सन्माननीय संमेलनाध्यक्ष, पहिल्या रांगेत बसलेले सर्व ज्येष्ठ मिस्त्री, आणि महाराष्ट्र, गोवा व सीमाभागातून आपापली जीप चालवत इथवर आलेल्या मित्रमैत्रिणींनो,

स्वागत समितीच्या वतीनं करवीरनगरीत मी तुम्हा सर्वांचं मनापासून स्वागत करतो. काल दुपारपासून मैदानावर गाड्या येत आहेत. युद्धकाळातल्या विलीज आहेत, उंच बॉनेटच्या सीजे थ्रीबी आहेत, शेतावर अजून ट्रॉली ओढणाऱ्या महिंद्रा आहेत. वाटेत थांबत, पाणी घालत, पॉइंट घासत तुम्ही त्या आणल्यात, याचा यजमान म्हणून मला फार आनंद आहे.

व्यासपीठावरची बैठक तुम्हाला थोडी वेगळी वाटली असेल. पहिल्या रांगेत पुढारी नाहीत, मिस्त्री आहेत. स्वागत समितीनं हे विचारपूर्वक ठरवलं. आपल्या गाड्या आज चालताहेत त्या या मंडळींच्या हातामुळे, आणि त्या हातांचं वय झालं आहे. एफ-हेड इंजिनाच्या हवेच्या व्हॉल्व्हला किती गॅप ठेवायचा आणि एक्झॉस्टला किती, हे फीलर गेज हातात न घेता सांगणारी माणसं या रांगेत आहेत. ही विद्या पुढच्या पिढीकडे जायची असेल तर ती मोकळेपणानं सांगितली गेली पाहिजे, दाखवली गेली पाहिजे. या संमेलनाकडून माझी मुख्य अपेक्षा हीच आहे, आणि तीच मांडण्यासाठी मी उभा आहे.

कोल्हापुरात ही अपेक्षा ठेवायला आधार आहे. सिनेमाचा कॅमेरा परदेशातूनच आणावा लागतो असं मानलं जात होतं, त्या काळात या गावात आनंदराव आणि बाबुराव पेंटर यांनी यंत्राचा एकेक भाग समजून घेत स्वतः कॅमेरा बनवायला घेतला. आनंदराव गेल्यावर बाबुरावांनी सहकाऱ्यांना घेऊन तो पुरा केला, आणि त्यावर चित्रित झालेला ‘सैरंध्री’ १९२० साली पडद्यावर आला. त्यांच्यापैकी कुणाकडे इंजिनिअरिंगची पदवी नव्हती. यंत्र खोलून बघायची हिंमत होती आणि नीट जोडायची शिस्त होती. आपलं शिवाजी उद्यमनगर त्याच वृत्तीवर उभं राहिलं. आजही तिथं तुम्ही झिजलेली पिन घेऊन गेलात, तर टर्नर आधी ती बोटांत फिरवून बघतो, मग मायक्रोमीटर लावतो, आणि तुमचा चहा होईपर्यंत गनमेटलची बुश लेथवर चढलेली असते.

जीप या मातीत आली तीच मुळी सुट्या भागांत. १९४० साली अमेरिकी लष्करानं एका हलक्या गाडीची मागणी काढली आणि बँटम या छोट्या कंपनीनं ४९ दिवसांत पहिला नमुना तयार करून दिला. विलीज आणि फोर्डनं पुढे लाखांच्या संख्येनं ती गाडी बनवली. युद्ध संपलं. इकडे १९४५ साली जे. सी. महिंद्रा, के. सी. महिंद्रा आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी कंपनी काढली होती. १९४७ साली तिनं विलीजच्या ७५ गाड्यांचे सुटे भाग मागवले. फाळणी झाली, गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ साली कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. मुंबईत माझगावला पेट्या फोडून चेसिस, इंजिन, एक्सल, बॉडी असं सगळं जोडून जीप उभ्या राहू लागल्या. नटबोल्टांनी जोडलेली ही गाडी नटबोल्टांनीच सुटी होते, म्हणून तर ती खेड्यातल्या निंबाच्या झाडाखाली दुरुस्त होत आली. साखर कारखान्यांच्या शेतकी खात्यांनी ती वापरली, वन खात्यानं वापरली, आणि आपल्या भागात वडाप म्हणून तिनं किती माणसं बाजाराला, दवाखान्याला, परीक्षेला पोचवली याची गणती नाही.

इंग्लंडमध्ये अशा सुट्या भागांतून गाडी बांधण्याची मोठी परंपरा आहे. लोटस सेव्हन ही गाडी १९५७ साली निघाली. तयार गाडीवर खरेदी कर लागे, सुट्या भागांवर लागत नसे. म्हणून लोक पेट्या घरी आणून गॅरेजमध्ये गाडी जोडत. १९७३ साली करव्यवस्था बदलली आणि ती सवलत गेली. त्याच वर्षी त्या गाडीचे हक्क केटरहॅमनं घेतले, आणि घरी बांधण्याचा नाद तसाच टिकला. १९९६ मध्ये रॉन चँपियन यांनी अडीचशे पौंडांत स्वतःची स्पोर्ट्‌स कार बांधा असं सांगणारं पुस्तक लिहिलं, आणि ते वाचून कितीतरी लोकांनी जुन्या फोर्डचे भाग काढून, चौकोनी पाइप वेल्ड करून गाड्या केल्या. तिथं अशा एकेका गाडीची सरकारी तपासणी होते. पास झाली की नंबर मिळतो.

आपल्याकडे एकट्या माणसानं घरी बांधलेल्या गाडीला नंबर मिळवण्याची अशी सरळ वाट नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावर जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिलेला निर्णय तुम्हाला माहीत असेलच: उत्पादकाच्या मूळ रचनेत बदल केलेली गाडी नोंदणीत बसत नाही. तरुण मित्रांना मला कळकळीनं सांगायचं आहे की चेसिस कापून लांबवणं, पुढे लोखंडी बंपर लावणं, दुसऱ्याच गाडीचं इंजिन बसवून कागद जुनेच ठेवणं यात पराक्रम नाही. अपघात झाला तर विमा हात वर करतो आणि समोरच्या माणसाचं कुटुंब वाऱ्यावर पडतं. पासिंगच्या वेळी दंड भरावा लागतो ती त्यापुढे लहान गोष्ट आहे. बांधायची हौस आपण मूळ गाडी मुळाबरहुकूम उभी करण्यात भागवावी. ते काम सोपं नाही आणि कमी प्रतिष्ठेचं तर नाहीच.

पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी २०२१ सालच्या नियमांनी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी आणली. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षांची. पण तो नंबर घेतला की गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन अशा कारणांपुरतीच रस्त्यावर येते. रोजच्या वापराला मनाई आहे. ज्यांची जीप अजून शेतावर जाते त्यांनी घाई करू नये. उद्या दुपारी या विषयावर खुली चर्चा ठेवली आहे, तिथं आपापली आरसी बुकं घेऊन या.

आता थोडं कामाचं बोलतो. ज्या तक्रारीवर आपण सर्वांत जास्त पैसे वाया घालवतो, ती म्हणजे पुढची चाकं थरथरणं. गाडी ताशी पंचेचाळीस-पन्नासच्या वेगात असते, एक खड्डा लागतो, आणि स्टिअरिंग हातातून सुटेल असं लटपटतं. मग टायर बदलले जातात, बॅलन्सिंग होतं, शॉकअप बदलले जातात, आणि आठवड्यानं चाकं पुन्हा थरथरतात. थ्रीबीच्या चेसिसच्या पुढच्या आडव्या तुळईवर बेल क्रँक असतो. स्टिअरिंग बॉक्सकडून येणारा ड्रॅग लिंक त्याला मिळतो आणि तिथून दोन टाय रॉड दोन चाकांकडे जातात. गाडी सपाट जागी उभी करा, चाकांना दगड लावा. एकाला स्टिअरिंग डावी-उजवीकडे दोन-दोन इंच हलवायला सांगा आणि तुम्ही खाली झोपून बेल क्रँकच्या पिनवर अंगठा ठेवा. क्रँक फिरण्याआधी वर-खाली डुलला तर पिन आणि बुश गेलेली आहे, दुसरीकडे शोधायचं कारण नाही. तिथं काही सापडलं नाही तर जॅक लावून चाक वरून-खालून धरा आणि हलवून किंगपिनचे बेअरिंग बघा. तिथला ताण पातळ शिमनी बसवलेला असतो. बेअरिंग झिजलं की तो ढिला पडतो. हे सगळं उद्या सकाळी एका गाडीवर करून दाखवलं जाणार आहे. ज्यांनी आयुष्यात पाना धरलेला नाही त्यांनी पुढे बसावं, अनुभवी मंडळींनी मागे.

दुसरा विषय पेट्रोलचा. पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. त्यातला बराच ऊस आपल्याच शिवारातला आहे, आणि ऊसकऱ्याच्या घरात चार पैसे येतात याचं मला समाधान आहे. पण आपल्या गाड्या त्या इंधनासाठी बनलेल्या नाहीत, हेही स्पष्ट सांगितलं पाहिजे. गाडीतल्या जुन्या एसी इंधनपंपाचा डायफ्रॅम फुगतो, रबरी नळ्या मऊ पडतात, कार्बोरेटरचं कॉर्क पॅकिंग सुटतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी आतून गंजते. डायफ्रॅम आणि नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्या. मिश्रण पातळ होतं, म्हणून प्लगचा रंग बघत राहा. पांढरट दिसला तर मिस्त्रींना जेट दाखवा. आणि गाडी पावसाळाभर झाकून ठेवणार असाल तर टाकी व कार्बोरेटर रिकामे करून ठेवा. नळीतून इंजिनावर पेट्रोल गळणं म्हणजे आग, आणि आग लागल्यावर हूडचं कापड किती वेळात जातं हे पाहिलेले लोक इथं आहेत. प्रत्येक गाडीत अग्निशामक नळकांडं असल्याशिवाय परवाच्या सफरीत गाडी सोडली जाणार नाही. या बाबतीत स्वागत समिती कुणाचीही भीड ठेवणार नाही.

परवा आपण कोल्हापूरहून राधानगरी, दाजीपूरमार्गे फोंडा घाट उतरणार आहोत. एकत्र गाडी चालवणं ही आपल्या छंदातली सगळ्यात अवघड गोष्ट आहे असं मला वाटतं, कारण त्यात स्वतःच्या गाडीपेक्षा मागच्या गाडीकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. सगळ्यात हळू गाडी वाटाड्याच्या लगेच मागे राहील आणि तिच्या वेगानं सगळे चालतील. वळणावर मागची जीप आरशात दिसेपर्यंत पुढच्यानं थांबायचं. सगळ्यात शेवटी मिस्त्रींची गाडी, तिच्यात फॅन बेल्ट, कंडेन्सर, पॉइंट, ब्रेक ऑइल आणि दोरखंड.

घाट लागण्याआधी गिअर उतरवा. जुन्या तीन गिअरच्या पेटीत पहिल्याला सिंक्रोमेश नाही. उतारावर गाडी पळायला लागल्यावर तो पडणार नाही, म्हणून माथ्यावरच दुसरा घालून घ्या आणि इंजिनावर गाडी सोडा. ब्रेकवर पाय दाबून धरू नका. चारही चाकांना ड्रम आहेत आणि तेलाचं सर्किट एकच आहे, एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक गेला. हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या मागच्या शाफ्टवर आहे, तो उभ्या गाडीसाठी आहे. चालत्या गाडीत ओढलात तर झटका थेट शाफ्टला बसतो. आणि कोरड्या डांबरावर फोर-व्हील घालून मर्दुमकी दाखवू नका. पुढच्या आणि मागच्या एक्सलच्या मध्ये डिफरन्शिअल नाही. वळणावर दोन्हीकडची चाकं सारखं अंतर कापत नाहीत, तो सगळा ताण दातांवर येतो. चिखल, वाळू, नदीचं पात्र इथं फोर-व्हील जरूर वापरा, तिथं तिचा जोर बघण्यासारखा असतो.

दाजीपूरचं जंगल गव्यांचं आहे. १९५८ साली तिथं राज्यातलं पहिलं अभयारण्य झालं. त्या टापूत हॉर्न नाही, गाणी नाहीत, रस्ता सोडून चाक नाही. एखादा गवा रस्त्यात उभा राहिला तर इंजिन बंद करा आणि तो जाईपर्यंत थांबा. उशीर झाला तरी खाली फोंड्यात जेवण तुमची वाट बघत असेल.

माझी एक मागणी आहे. प्रवेशद्वाराजवळ तुम्हाला प्रत्येकी एक वही मिळाली आहे. तिच्या पहिल्या पानावर आपल्या गाडीचा चेसिस नंबर, इंजिन नंबर आणि गाडीत मूळचं काय आहे, बदललेलं काय आहे ते खरं-खरं लिहा. पुढच्या पानांवर या तीन दिवसांत मिस्त्रींकडून जे ऐकाल ते लिहा: कोणत्या गाडीचं ऑइल सील थ्रीबीला बसतं, कमानपाटा कुठं चांगला होतो, लायनर कुठं बसवून मिळतो, त्या कामाला खर्च किती आला. खर्च लपवू नका. नवीन माणूस पैशाच्या अंदाजाअभावी अर्ध्यात काम सोडतो आणि खोललेली गाडी भंगारात जाते. या वह्यांच्या प्रती स्वागत समिती काढून घेईल आणि येणाऱ्या प्रत्येक गटाला पूर्ण संच देईल. आयटीआयची काही मुलं-मुली आपल्यात स्वयंसेवक म्हणून काम करताहेत. त्यांना चहा आणायला पाठवू नका, त्यांच्या हातात टॉर्क पाना द्या.

मंडपाच्या डाव्या बाजूला भोजनाची व्यवस्था आहे, शाकाहारी पंगत वेगळी आहे, आणि तांबड्या-पांढऱ्या रश्श्याला कुणी संकोच करू नये. मुक्कामाच्या जागेची अडचण असेल तर निळ्या फितीचे कार्यकर्ते चोवीस तास हजर आहेत. पुन्हा एकदा कोल्हापूरकरांच्या वतीनं आपणा सर्वांचं हार्दिक स्वागत करतो. पहिल्या रांगेतल्या सर्वांत ज्येष्ठ मिस्त्रींनी समोरच्या या जीपचं इंजिन हँडलनं सुरू करून संमेलनाचं उद्घाटन करावं, आणि त्यानंतर संमेलनाध्यक्षांनी आपले विचार मांडावेत, अशी त्यांना नम्र विनंती करतो.