योगायोग कीं गुण ?



मृग तोंडावर आला कीं आमच्या पहुरांत, वाघूर नदीच्या एका कांठीं पेठेंत आणि दुसऱ्या कांठीं कसब्यांत, एकच बोलणें ऐकूं येतें. अमक्यानें अमुक वाण लावला आणि त्याला एकरीं इतका कापूस झाला. तमक्यानें टॉनिक फवारलें आणि त्याची पऱ्हाटी छातीला लागली. बियाण्याच्या दुकानांत पैसे मोजणारा शेतकरी पुष्कळदां या बोलण्यावर विसंबूनच ते मोजतो. निवड चुकली तर नुसती पाकिटाची किंमत जात नाहीं. सबंध हंगाम जातो. एवढा मोठा व्यवहार आपण ज्या पुराव्यावर करतों तो पुरावा कितपत पक्का आहे, हें तपासण्याचें एक शास्त्र आहे. त्याचें नांव संख्याशास्त्र. नांव ऐकून कोणी रेडिओ बंद करूं नये. माझें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें आणि आयुष्य गेलें मुलांना पाढे व अपूर्णांक शिकविण्यांत. या शास्त्राचा जेवढा भाग नाणें, फांसे आणि चिठ्ठ्या घेऊन घरीं गिरवितां येतो, तेवढाच मी आज सांगणार आहें.

प्रथम एक घरगुती वाद घेऊं. खानदेशांत हिवाळा आला कीं भरिताच्या वांग्यांचे ढीग बाजारांत लागतात, आणि त्यांच्याबरोबर हा वादही येतो. जुन्या लोकांच्या मतें पऱ्हाटीच्या जाळावर भाजलेल्या वांग्यांचें भरीत तेंच खरें भरीत. गॅसच्या शेगडीवरच्या भरिताला ती चव नाहीं. समजा, घरांतील एखाद्या काकू म्हणाल्या, "डोळे झांकून घांस द्या, कोणतें वांगें कशावर भाजलें तें मी ओळखून दाखवितें." आपण एक घांस दिला आणि त्यांनीं बरोबर ओळखलें. यांत काय सिद्ध झालें ? कांहींच नाहीं. नाणें उडवून उत्तर देणाराही निम्म्या वेळां बरोबरच येतो.

म्हणून आठ वाट्या घ्याव्या. वांगीं एकाच शेतांतलीं. मिरची, लसूण, कांद्याची पात, तेल हें सर्व सारख्या मापाचें. फरक फक्त भाजण्याचा. चार वाट्या जाळावरच्या, चार शेगडीवरच्या. त्या कोणत्या क्रमानें मांडावयाच्या हें चिठ्ठ्या टाकून ठरवावें, आणि काकूंना सांगावें कीं यांतल्या चार जाळावरच्या आहेत, त्या निवडून काढा. आठांतून चार निवडण्याचे एकंदर प्रकार होतात सत्तर. आपण आरंभीं असें धरून चालावयाचें कीं काकूंना मुळींच ओळखतां येत नाहीं, त्या अंदाजानें बोलतात. तसें असेल, तर चारही वाट्या बरोबर निघण्याचा संभव सत्तरांत एक. त्या चारही बरोबर निघाल्या, तर 'हा निव्वळ अंदाज' म्हणणारानें गप्प बसणें बरें. परंतु तीन बरोबर व एक चूक असे प्रकार सोळा आहेत. म्हणजे तीन किंवा अधिक बरोबर येणें हें नुसत्या अंदाजानेंही सत्तरांत सतरा वेळां, जवळजवळ चारांत एकदां, घडेल. तेव्हां तिनावर काकूंना विजयी ठरवूं नये. तसेंच त्यांना खोटेंही ठरवूं नये. न्यायालयांतून आरोपी सुटला म्हणजे तो निर्दोष होता असें सिद्ध होत नाहीं. पुरावा पुरला नाहीं एवढेंच सिद्ध होतें. ही गोष्ट शिकलेले लोकही विसरतात.

हा प्रयोग मूळ भरिताचा नाहीं, चहाचा आहे. रोनाल्ड फिशर हे इंग्रज संख्याशास्त्रज्ञ १९१९ पासून १९३३ पर्यंत रॉथमस्टेड येथील शेतकी संशोधन केंद्रांत होते. कपांत आधीं दूध घातलें कीं आधीं चहा, हें चवीवरून ओळखतां येतें, असा एका बाईंचा दावा होता. फिशर यांनीं १९३५ सालच्या 'दि डिझाइन ऑफ एक्सपेरिमेंट्स' या पुस्तकांत आठ कपांची हीच योजना मांडली आहे. गंमत अशी कीं, बाईंनीं किती कप बरोबर ओळखले हें त्या पुस्तकांत सांगितलेलेंच नाहीं. लेखकाला उत्तरापेक्षां प्रश्न कसा विचारावा यांतच गोडी होती.

आतां घरांतून शेतांत येऊं. नवा वाण जुन्यापेक्षां सरस आहे काय ? एका शेतांत नवा आणि शेजाऱ्याच्या शेतांत जुना लावून हें कळत नाहीं. कारण जमीन वेगळी, पाणी वेगळें, आणि शेजाऱ्याचा हातही वेगळा. म्हणून एकाच शेतांत लगतच्या दोन दोन पट्ट्यांच्या सहा जोड्या आंखाव्या आणि प्रत्येक जोडींत एका पट्ट्यांत नवा, दुसऱ्यांत जुना वाण लावावा. कोणत्या पट्ट्यांत कोणता, हें नाणें उडवून ठरवावें. आपल्या मनानें ठरवूं गेल्यास नव्याचें कौतुक असणारा हात नकळत तो वाण विहिरीकडच्या किंवा शेणखत जास्त पडलेल्या पट्ट्यांत लावतो, आणि मग वाण जिंकला कीं खत जिंकलें हें ब्रह्मदेवालाही सांगतां येणार नाहीं.

समजा, सहापैकीं पांच जोड्यांत नवा वाण भारी ठरला. कोणीही म्हणेल, सहांत पांच, आणखी काय पाहिजे ? पण दोन्ही वाण अगदीं सारखे असते, तर प्रत्येक जोडींत कोण भारी ठरेल हें नाणें उडविण्यासारखेंच होतें. नाणें सहा वेळां उडविण्याचे चौसष्ट प्रकार. त्यांत सहाही छापे येण्याचा एक आणि पांच छापे येण्याचे सहा. म्हणजे पांच किंवा अधिक छापे चौसष्टांत सात वेळां, सुमारें नवांत एकदां, फुकट पडतात. सहांत सहा आले तर गोष्ट वेगळी. तें चौसष्टांत एकदांच. ज्यांना पटत नसेल त्यांनीं वर्गांतील बत्तीस मुलांना एकेक नाणें देऊन प्रत्येकाकडून सहा उडवण्यांचे दोन दोन डाव करून घ्यावे. चौसष्ट डाव होतील. त्यांत पांच किंवा सहा छाप्यांचे डाव साताच्या आसपास निघतील. कधीं चार, कधीं दहा, कधीं त्याहूनही मागेंपुढें. तोही धडाच आहे.

वीसांत एकदांपेक्षां कमी वेळां योगायोगानें घडेल तें दखल घेण्याजोगें मानावें, अशी सोयीची मर्यादा फिशर यांनीं १९२५ मध्यें सुचविली, आणि ती जगभर रूढ झाली. ही कांहीं वेदवाक्य नव्हे. शिवाय तिच्यांत एक मेख आहे. अगदीं निरुपयोगी अशीं वीस टॉनिकें याच कसोटीला लावलीं, तर सरासरीनें त्यांतलें एखादें पास होणारच. मग जाहिरात त्या एकाचीच होते. उरलेल्या एकोणीसांचें नांव कोणी काढीत नाहीं. म्हणून कोणी आंकडे दाखवूं लागला कीं त्याला विचारावें, "एकंदर किती प्रयोग केलेत ?"

डोळ्यांवर विसंबण्याची संवय आपल्याकडे फार जुनी. पिकाची आणेवारी पूर्वी नजरेनेंच ठरत असे. सोळा आणे म्हणजे भरपूर पीक. नजर ठेवणारा कितीही प्रामाणिक असला तरी तो रस्त्यालगतचें शेत पाहतो, बांधावरून पाहतो, आणि महसुलाची सूट मनांत ठेवून पाहतो. ही रीत बदलून शेत चिठ्ठीनें निवडणें, त्यांतील जागाही चिठ्ठीनें निवडणें आणि तेवढ्या चौकटीचें पीक कापून तोलणें, ही पद्धत आपल्या देशांत रुजविणारांत सातारा जिल्ह्यांतील बुध गांवचे पांडुरंग सुखात्मे यांचें नांव अग्रभागीं आहे. १९११ चा जन्म. लंडन येथें संख्याशास्त्राचें शिक्षण. चौकट केवढी घ्यावी यावरून त्यांचा व कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचे संस्थापक महालनोबीस यांचा १९४० नंतरच्या दशकांत मोठा वाद झाला. महालनोबीस लहान चौकटींच्या बाजूचे. कारण त्या स्वस्त पडतात व पुष्कळ घेतां येतात. सुखात्मे यांनीं दाखवून दिलें कीं लहान चौकटीनें उत्पन्न फुगून दिसतें.

कारण साधें आहे. कडेवरचें झाड आंत धरावें कीं बाहेर, अशी शंका आली कीं कापणारा तें आंतच धरतो. एक मीटर बाजूच्या चौरसाला एका चौरस मीटरमागें चार मीटर कड असते. दहा मीटर बाजूच्याला केवळ चार दशांश मीटर. म्हणजे कडेची ही लबाडी लहान चौकटींत दसपट भरते. याच सुखात्म्यांनीं इंदूरचे विनायक गोविंद पानसे यांच्याबरोबर लिहिलेलें शेतकी संख्याशास्त्राचें पुस्तक १९५४ सालीं निघालें, आणि शेतकी महाविद्यालयांतील कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या. २०१६ सालीं सुरू झालेल्या पीकविमा योजनेंतही भरपाई अशाच कापणी प्रयोगांच्या सरासरीवर ठरविण्याची रीत घेतली गेली. तेव्हां आपल्या शिवारांत चौकट आंखली जात असेल, तर ती कोठें आंखली जात आहे व ती जागा कोणी निवडली हें पाहावयास जाणें, यांत विमेदाराचा रोकडा स्वार्थ आहे.

आतां दुसरी कल्पना. इंग्रजींत तिला रिग्रेशन म्हणतात. फ्रान्सिस गॉल्टन यांनीं प्रथम फुलवेलीच्या वाटाण्यांवर आणि मग माणसांवर हिचा शोध घेतला. १८८६ सालीं त्यांनीं दोनशें पांच जोडप्यांची आणि त्यांच्या नऊशें अठ्ठावीस मोठ्या झालेल्या मुलांची उंची मांडून दाखविली. आईबाप सरासरीपेक्षां तीन इंच उंच असले, तर त्यांचीं मुलें उंच असत खरीं, परंतु सुमारें दोनच इंचांनीं. टोंकाचें माप पुढच्या खेपेस मध्याकडे सरकतें.

हें कां होतें, हें दोन फांशांनीं कोणालाही पाहतां येईल. प्रत्येक मुलानें एक फांसा टाकावा आणि पडलेला आंकडा 'तयारी' म्हणून वहींत कायमचा लिहावा. मग दुसरा फांसा 'नशीब' म्हणून टाकावा; दोहोंची बेरीज म्हणजे पहिल्या परीक्षेचे गुण. दुसऱ्या परीक्षेला तयारी तीच ठेवून नशिबाचा फांसा मात्र पुन्हां टाकावा. पहिल्या खेपेस बारा मिळविणाराची तयारी सहा असलीच पाहिजे. पण नशिबाच्या फांशाची सरासरी साडेतीन, म्हणून दुसऱ्या खेपेस त्याला सरासरीनें साडेनऊच मिळतील. पहिल्यांदा दोन मिळविणाराला मिळतील साडेचार. पहिला खालीं आला, दुसरा वर गेला. पण पहिला बिघडला नाहीं कीं दुसरा सुधारला नाहीं. तयारी दोघांची होती तेवढीच आहे. खऱ्या वर्गांत मात्र आपण म्हणतों कीं शाबासकीनें पहिला शेफारला आणि छडीनें दुसरा सुधारला. छडीची निम्मी कीर्ति या फांशावर उभी आहे, असें माझें स्पष्ट मत आहे.

शेतांतही तेंच. एखाद्याचें पीक एके वर्षीं विलक्षण येतें. पुढल्या वर्षीं बेताचें आलें कीं घरचे म्हणतात, नजर लागली. आणि ज्याचें पीक सर्वांत बुडालें, त्याच्याच दारीं टॉनिकवाला येऊन उभा राहतो. तो मनुष्य लबाडच असेल असें नाहीं. बुडालेल्या शेताला पुढल्या वर्षीं पाऊस थोडा वेळेवर मिळाला, कीड थोडी कमी पडली, कीं तें आपोआप मध्याकडे येतें, आणि श्रेय बाटलीला मिळतें. विकणाराही तें मनापासून खरें मानतो, म्हणूनच त्याचें बोलणें इतकें पटतें.

याच विद्येचें दुसरें अंग म्हणजे एका मापावरून दुसऱ्याचा अंदाज बांधणें. आपल्या वहींत दहाबारा वर्षांचा पाऊस व कापसाचें उत्पन्न लिहिलेलें असेल, तर चौकटीच्या कागदावर आडवा पाऊस आणि उभें उत्पन्न धरून दर वर्षाचा एक ठिपका द्यावा. पावसाची सरासरी आणि उत्पन्नाची सरासरी जेथें मिळते, तेथें टांचणी टोंचून तिला दोरा बांधावा, आणि दोरा असा फिरवावा कीं तो ठिपक्यांच्या मधोमध जाईल. गणिती पद्धतींत प्रत्येक ठिपक्याच्या दोऱ्यापासूनच्या उभ्या अंतराचा वर्ग करून सर्व वर्गांची बेरीज कमींत कमी ठेवतात. ही युक्ति लझांद्र या फ्रेंच गणितज्ञानें १८०५ सालीं प्रसिद्ध केली, आणि तींतून निघणारी रेषा त्या टांचणींतूनच जाते. दोरा वर चढत गेला, तर पाऊस वाढल्यावर उत्पन्न वाढत आलें आहे असें समजावें. मात्र ठिपक्यांच्या पलीकडे दोरा ताणूं नये. अतिवृष्टींत बोंडें सडतात, हें दोऱ्याला ठाऊक नसतें.

टॉनिकाचीच परीक्षा घ्यावयाची असेल, तर गेल्या वर्षीं मार खाल्लेलीं बारा शेतें घ्यावीं. सहांच्या चिठ्ठ्या लहान मुलाकडून उचलवाव्या आणि त्या सहांतच तें फवारावें. उरलेल्या सहांत साधें पाणी फवारावें. सर्व बारा शेतें मध्याकडे सरकणारच. पाहावयाचें तें हें कीं, फवारलेलीं सहा इतरांपेक्षां अधिक सरकलीं काय. किती फरक पडला म्हणजे टॉनिक विकत घ्यावयाचें, तो आंकडा फवारणीपूर्वीं वहींत लिहून त्यावर तारीख घालावी. प्रत्येक वेचणीचा कापूस शेताशेताचा वेगळा बांधावा, आणि कांट्यावर बसणाराला गाठोड्यावरचा फक्त क्रमांक वाचून दाखवावा. फवारणी कोणत्या शेतांत झाली, हें त्याला शेवटची वेचणी तोलून होईपर्यंत सांगूं नये.