वीज गेलेल्या घरांतील तान्हें मूल

वर्धा जिल्ह्यांतील देवळी तालुक्यांत, पुलगांवास लागून नाचणगांव आहे. वैशाखांत या भागांत पारा ४५ अंशांच्या पलीकडे जाणें हें कोणास नवल वाटत नाहीं. अशा दुपारीं वीज गेली म्हणजे मोठीं माणसें सांवलींत येऊन बसतात, माठांतलें पाणी पितात, चार शब्द रागाचेही बोलतात. पंधरा दिवसांच्या मुलास यांतलें कांहींच करितां येत नाहीं.

२००५ नंतरचीं कित्येक वर्षें ग्रामीण महाराष्ट्रानें रोजच्या भारनियमनांत काढलीं. २०२२ च्या एप्रिलांत कोळशाच्या टंचाईनें तेच दिवस पुन्हां दाखविले. शिवाय वळवाच्या वादळांत एखादी फांदी तारेवर पडली तरी अवघी रात्र अंधारांत जाते. म्हणून जेथें पाळणा हालतो, त्या घरीं तयारी आधींपासूनच असावी.

तान्ह्या मुलाच्या वजनाच्या मानानें त्याच्या त्वचेचा विस्तार मोठा असतो आणि घाम येण्याची शक्ति अजून अपुरी असते. त्यामुळें तें लवकर तापतें आणि लवकर गारठतेंही. उन्हाळ्यांत पत्र्याखालची खोली त्याच्यासाठीं नव्हेच. मातीच्या जाड भिंतींचें जुनें घर असेल तर दुपार तेथें काढावी. पश्चिमेकडील दारें-खिडक्या ऊन उतरेपर्यंत बंद ठेवून वाऱ्याच्या बाजूस वाळ्याचा ओला पडदा लावावा. विदर्भाची हवा कोरडी असल्यानें हा जुना उपाय येथें उत्तम चालतो. हातपंख्याविषयीं मात्र एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. हवा ४० अंशांहून तप्त असतां कोरड्या अंगावर वारा घातल्यानें मूल निवत नाहीं, उलट तापतें. आधीं साध्या पाण्यांत भिजविलेल्या मऊ फडक्यानें अंग पुसावें, मग हलका वारा घालावा. बर्फाचें पाणी वापरूं नये. पाळण्यावर लुगडें टाकून तो झांकण्याची संवयही सोडावी, कारण आंतली हवा कोंडून राहते.

बाळंतिणीची खोली बंद करून तेथें शेगडी ठेवणें आणि धुरी देणें ही चाल अजून पुष्कळ घरीं आहे. थंडीवाऱ्यापासून जपण्याचा तिचा हेतु समजण्यासारखा आहे. पण वैशाखांत ती पाळणें म्हणजे आधींच तापलेल्या मुलास आणखी तापविणें होय. धूर तर कोणत्याही ऋतूंत लहान फुप्फुसांस वाईटच.

पाण्यावरून घरोघरीं वाद होतो. आजीबाई म्हणतात, एवढ्या उन्हांत लेकराचा घसा सुकेल. आजीबाईंची काळजी खरी, उपाय मात्र चुकीचा. आईच्या दुधांत सुमारें ८८ टक्के पाणीच असतें. सहा महिने पुरे होईपर्यंत मुलास वेगळें पाणी नको, मध नको, गुटीही नको. त्याला अधिक वेळां पाजावें आणि तो पाण्याचा तांब्या आईच्या हातीं द्यावा. ज्यांस डॉक्टरांच्या सल्ल्यानें वरचें दूध द्यावें लागतें, त्यांनीं तें दर वेळीं ताजें करावें आणि उरलेलें टाकून द्यावें. बंद पडलेला फ्रिज न उघडल्यास सुमारें ४ तास थंड राहतो. एवढ्या अवधींत वीज न आल्यास आंतल्या दुधाचा मोह धरूं नये.

रात्रीं मच्छरदाणी हवीच. पण तिच्याजवळ मेणबत्ती किंवा रॉकेलची चिमणी नको. बॅटरीचा दिवा बरा. कोणाकडे जनित्र असल्यास तें घरांत किंवा खिडकीशीं चालवूं नये. त्याच्या धुरांतील विषारी वायूस वास नसतो.

पौषांतल्या रात्रीं संकट उलट असतें. १९७८ मध्यें कोलंबियांतील बोगोटा येथें उबेच्या पेट्या अपुऱ्या पडल्या, तेव्हां डॉक्टरांनीं कमी दिवसांचीं मुलें आयांच्या उघड्या छातीशीं बांधलीं. मुलास लंगोट आणि टोपी घालून छातीशीं उभें धरावें व वरून पांघरूण घ्यावें; ही ऊब वीज जाण्यानें थांबत नाहीं. गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय व राणी बंग यांनीं ३९ गांवांत खेड्यांतल्याच स्त्रियांस नवजात मुलांची शुश्रूषा शिकविली. त्यांच्या साहित्यांत तपमापक आणि मुलास उबेंत ठेवणारी झोपण्याची पिशवी होती. तेथील नवजात मृत्यूंचें प्रमाण तुलनेच्या गांवांपेक्षां ६२ टक्क्यांनीं घटल्याचें १९९९ मध्यें प्रसिद्ध झालें.

तपमापक प्रत्येक घरीं असावा. तीन महिन्यांखालील मुलाचें अंग ३८ अंश किंवा अधिक तापलें, तें पाजतांना ओढेनासें झालें, मलूल पडलें, टाळू खोल गेली, किंवा दिवसभरांत लंगोट फारच कमी वेळां ओला झाला, तर वीज येण्याची वाट न पाहतां डॉक्टर गांठावा. वाहन नसेल तर १०८ वर फोन करावा. आणि त्यासाठीं घरांतल्या एका तरी फोनची बॅटरी वीज असतांनाच भरून ठेवावी.