पॅरिसची भाड्याची गाडी

लहान मुलं एक पाय फळीवर ठेवून, दुसऱ्यानं जमीन रेटत जी दोन चाकांची गाडी पळवतात, तीच मोठ्यांसाठी केलेली अन् विजेवर चालणारी समजा. २०१८ साली पॅरिस शहरात ती भाड्यानं मिळू लागली. मोबाइलनं कुलूप उघडायचं, उभ्याउभ्याच निघायचं, काम झालं की तिथंच सोडून द्यायची. खरी मेख या सोडून देण्यातच! पदपथ अडले. आंधळ्यानं, म्हाताऱ्यानं चालावं कसं? पुढं नगरपालिकेनं तीनच कंपन्या ठेवल्या, गाड्या १५,००० वर आणल्या, उभ्या करायच्या जागा आखून दिल्या. तरी जून २०२१ मध्ये सीन नदीकाठी अशा गाडीच्या धडकेनं एक तरुणी दगावली. एका गाडीवर दोघं होती.

२ एप्रिल २०२३ रोजी लोकांचं मत घेतलं. मत देणाऱ्यांपैकी शंभरांत ८९ जणांनी ‘नको’ म्हटलं. पण मतदार आले किती? शंभरांत आठसुद्धा नाहीत! मला हा कौल तोकडा वाटतो. पण घरी बसलेल्यांचं मत मोजायचं तरी कसं? सप्टेंबरपासून या भाड्याच्या गाड्या गेल्या. स्वतःची असेल तर चालते. २००७ पासूनची ‘वेलिब’ ही भाड्याची सायकल मात्र आहे, अन् तिच्यात आता विजेवरच्याही आहेत. ती नेमल्या ठाण्यावर, खुंट्याला नेऊन अडकवावी लागते.